पोळपाटावरची इगतपुरी

"जगात कसारा घाट दोनच! एक रेल्वेने बांधला, दुसरा मी. आणि रेल्वेच्या घाटात चुका आहेत!" इंदिरानगरातल्या आपल्या हॉलमध्ये जमलेल्या शेजाऱ्यांपुढे शेखररावांनी जाहीर केलं.

"घाटाखालचा माझा पोळपाट कधी मिळणार?" ज्योत्स्नाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

इगतपुरी त्या पोळपाटावरच उभी होती. बाकी डोंगर थर्माकोलचा, झाडी भांडी घासायच्या हिरव्या घासणीची, आणि त्यातून बोटभर उंचीची गाडी बोगदा ओलांडून वर चढणार होती. शेखररावांना धाकधूक एकाच माणसाची: शेजारच्या इमारतीतले कोंडाजी. गाव घोटी, नोकरी इंजिनड्रायव्हरची, हयात याच घाटात गेलेली. ते एकदा 'बरोबर हाय' म्हणाले, की मग जग गेलं खड्ड्यात!

शेखररावांनी हिरवी झेंडी उचलली, तोच शेजारच्या नवसाबाई पुढे सरसावल्या.

"अहो, घाट म्हटल्यावर घाटनदेवी नको? मी आणलीये!"

बोगद्याच्या तोंडाशी एक खडा बसला. खड्याला तेल-शेंदूर लागला. उरलेलं तेल रुळांना!

गाडी ऐटीत निघाली, बोगद्यापर्यंत आली आणि मांडवाच्या दारात जावई रुसावा तशी जागच्या जागी थांबली.

"तेल पुसा! इंजिनाला वीज रुळांतून मिळते!" शेखरराव ओरडले.

"देवीचं तेल पुसता? म्हणूनच कोपली!" म्हणत नवसाबाईंनी आणखी ओतलं.

कोंडाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेखररावांचा चेहरा उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा झाला.

"राव," कोंडाजी अखेर बोलले, "आमची गाडी बी या चढाला एकटी चढत नव्हती. मागून ढकलायला बँकर इंजिन लावायचो. दुसरं इंजिन हाय का?"

होतं! मागे, कोरड्या रुळांवर ते जोडलं. कोंडाजींनी स्वतः बटण फिरवलं, तोंडानेच भोंगा वाजवला. मागच्याने रेटा दिला, पुढचं तेलावरून घसरत बोगद्यात शिरलं, आणि गाडी दिमाखात इगतपुरीला लागली! टाळ्याच टाळ्या! नवसाबाईंनी त्यातल्या निम्म्या देवीच्या नावावर घेतल्या.

कोंडाजींचे डोळे पाणावले. "बरोबर हाय. लय बरोबर हाय!"

शेखररावांची छाती शर्टात मावेना. "आता जेवल्याशिवाय कुणीही जायचं नाही!"

ज्योत्स्नाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. घाटाकडे बघत राहिल्या. "खरंच हो, सुरेख केलंत!" लग्नानंतरचं हे पहिलंच कौतुक!

"फक्त," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यांच्या पोळ्या करायच्या, तर इगतपुरीखालचा पोळपाट तेवढा काढून द्या ना."