तीन आवाजांची गिटार

लेकीच्या हातात दुकानातली गिटार दिसली तर आपण करवत कायमची खुंटीला टांगू, असं मेस्त्रींनी जाहीर करून टाकलं होतं. तीस वर्षं कपाटं केलेल्या माणसाला एवढंसं लाकूड काय जड! दोन महिने खपून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार बनवली. तारांचा सूर पकडणारे दोन पिकअप, त्यातला कुठला चालू ठेवायचा ते ठरवणारा एक खटका. खटका मागे केला की काच फुटल्यासारखा आवाज येणार, पुढे केला की मधासारखा, मध्ये ठेवला की दोन्ही मिळून. "एका गिटारीत तीन गिटारी," असं ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत. मेस्त्रीणबाई ते ऐकून ऐकून थकल्या होत्या.

गिटार पुरी झाली त्याच दिवशी संध्याकाळी रॉकची स्पर्धा होती. लेकीचं म्हणणं सरळ होतं, दुपारपर्यंत आवाज स्वच्छ आला तर बाबांची गिटार, नाहीतर मैत्रिणीची.

अँप्लिफायरला जोडल्याबरोबर गिटारीनं जात्यासारखी घरघर धरली.

मेस्त्रींनी फ्रिजवर आळ घेतला. बाईंनी फ्रिज बंद केला. मग ट्यूबलाइट, मग पंखा. मग त्या वरच्या मजल्यावर गेल्या आणि धुण्याचं मशीन जरा थांबवता का, आमची गिटार आजारी आहे, असं विनवून कुरकुरत्या गुडघ्यांनी जिना उतरल्या. घरघर होती तशीच. लेक वैतागून वळली, तर न्हाणीघराकडे तोंड होताच गिटार चिडीचूप! मेस्त्रींनी लगोलग खडूनं फरशीवर बाण काढला.

"बाबा," लेक म्हणाली, "स्टेजवर न्हाणीघर कुठून आणू?"

मेस्त्री मटकन बसले. बाईंना ते बघवेना.

"अगं, तो खटका मध्ये ठेवून बघितलास का?"

ठेवला, आणि घरघर थांबली. भांडखोर जावा चारचौघांत एकमेकींना गप्प करतात, तसं त्या दोन पिकअपचं झालं होतं. मेस्त्रींनी तेवढ्यात खटक्यावर डिंकाचे दोन थेंब सोडले. तिनातल्या दोन गिटारी जागच्या जागी वारल्या.

संध्याकाळी लेकीनं तीच वाजवली. आवाजाचं बटण उतरवून हळवं, चढवून कडक, एवढ्यावर भागवलं. निवेदकानं विचारलं तेव्हा "बाबांनी केलीय" असं माइकवर ठणकावून सांगितलं. नंबर काही आला नाही.

परतताना मेस्त्रींची छाती पुन्हा फुगली होती.

"पाहिलंस? तीन-तीन आवाज हवेत कुणाला? मी मुद्दामच एका आवाजाची केली."

"हं," बाई म्हणाल्या. दिवस सरता सरता त्यांच्याजवळही तेवढाच एक सूर उरला होता.