रांजणाशेजारचे सासरे

उद्घाटनाला तासभर उरला असताना संग्रहालयाच्या भिंतीपाशी सासरे दिसले, तेव्हा डिझायनर सवयीने म्हणाला, "अरे वा, कधी आलात?"

सासरे काही बोलले नाहीत. ते छापलेले होते. पूर्ण उंचीचे, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत, हातात झाडांना पाणी घालायचा पाइप.

प्रदर्शन प्राचीन रांजणांचं होतं. भिंत कॉम्प्युटरवर आखताना शेजारी एक माणूस उभा करतात, म्हणजे अक्षरं केवढी, चित्र किती उंच, याचा अंदाज येतो. छपाईला पाठवण्याआधी तो माणूस काढायचा असतो. डिझायनरच्या फोनमध्ये नखशिखांत मावलेला माणूस एकच होता. तो टाकला. काढायचा राहिला.

त्याची नोकरी अजून कच्ची होती. हे प्रदर्शन धड झालं तर पक्की, असं संचालक मॅडमनी बजावलं होतं. सासऱ्यांच्या मते ती मुळात नोकरीच नव्हती. "आमचे जावई भिंतींना स्टिकर लावतात," असं ते चारचौघांत सांगत.

त्याने सासऱ्यांचा अंगठा नखाने उचकटून पाहिला. अंगठ्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

"ओढू नका!" छपाईवाला ओरडला. "प्लास्टरसकट येतील. फार चिवट आहेत."

"मग झाकू कसं यांना?"

"पुढे कपाट लावा की."

कपाटं सगळी काचेची. त्यातलं एक पुढे ढकललं, तर आतल्या दिव्याने सासरे उजळून निघाले. आता ते मांडलेलेच वाटत होते. मांडलेल्या वस्तूला पाटी लागते. त्याने घाईघाईने छापून लावली: 'आकाराच्या अंदाजासाठी माणूस. काळ: चालू.'

तेवढ्यात बायकोचा फोन. "अरे, बाबांना घेऊन निघालेय. सरप्राइज!"

"त्यांना बरं नाहीये ना?"

"ठणठणीत आहेत."

"नीट बघ ना जरा!"

दारं उघडली. लोक रांजणांवरून भराभर पुढे सरकले आणि सासऱ्यांपाशी थबकले. "अगं बाई, यांच्या छातीपर्यंत येतो रांजण! एरवी कळलंच नसतं," एक बाई म्हणाली.

"ही कल्पना कोणाची?" मागून मॅडमनी विचारलं.

डिझायनरने तोंड उघडलं आणि खरेखुरे सासरे आत आले. लोकांनी भिंतीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं. सासऱ्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "पोट आत घ्या म्हणून सांगायचं तरी."

पाहता पाहता त्यांच्यासोबत फोटो काढायला रांग लागली. मॅडम खूश. "पुढच्या प्रदर्शनातही हेच गृहस्थ हवेत. ते असतील, तर तुमची नोकरी पक्की समजा."

डिझायनरने सासऱ्यांकडे असं पाहिलं, जसं लग्नाची मागणी घालतानाही पाहिलं नव्हतं.

"विचार करावा लागेल," सासरे सावकाश म्हणाले. "स्टिकरचं काम सोपं नसतं. प्रदर्शन आहे कशाचं?"

"प्राचीन स्नानगृहांचं," मॅडम म्हणाल्या.

जावयाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा सासऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलेलं होतं.