मामांचा ॲम्प आणि हुबेहूब समिती

सभागृहातल्या जुन्या ॲम्पऐवजी डिजिटल पेटी घ्यावी किंवा कसे, हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमण्यात आली. त्यांच्यापैकी एकालाही गिटार वाजवता येत नव्हती. नेमणुकीची अटच तशी होती. वाजवणाऱ्याचे मत आधीच बनलेले असते आणि मत बनलेला माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही, असे आदेशात स्वच्छ लिहिले होते.

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे एक जाडजूड लाकडी खोके. आत काचेच्या चार ट्यूब. त्या लालसर तापल्याशिवाय गिटारच्या आवाजात जीव येत नसे. म्हणून कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बटण दाबायचे आणि खोक्यावर तळहात टेकून, तापलेल्या लेकराच्या उशाशी बसावे तसे बसून राहायचे, एवढ्यासाठी एक माणूस होता. त्याला सगळे मामा म्हणत. तिथे गिटार वाजवणारी मुलगी तर त्यांची सख्खी भाचीच. नोकरीच्या कागदावर मामांचे पद 'तापक' असे होते. ॲम्प गेला की तापवायला काही उरत नव्हते, म्हणजे मामाही घरी. निवृत्तीला चार वर्षे होती, पण मामांना तो घोर नव्हता. तीस वर्षे ज्याच्या अंगावर हात ठेवून दिवस सुरू केला, त्याला भंगारात टाकलेले पाहायचे कसे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

कंपनीचा इंजिनिअर पेटी काखोटीला मारून आला.

"तुमच्या ॲम्पचा आवाज यात हुबेहूब आहे साहेब. बटण दाबलं की सुरू."

"लगेच?" अध्यक्षांनी विचारले.

"लगेच."

"मग हुबेहूब कसा? आमचा अर्धा तास घेतो."

इंजिनिअरने मान खाजवली. आठवड्याने पेटी परत आली. आता तीही बटण दाबल्यावर अर्धा तास नुसती बसून राही. त्या वेळात ती काहीही करत नसे, असे इंजिनिअरने खासगीत सांगितले. समितीतल्या दोघांना हे गुण ओळखीचे वाटले.

इथे मामांना हुरूप आला आणि इथेच त्यांची चूक झाली. ॲम्पचे एकेक वैशिष्ट्य सांगत गेलो तर पेटी कुठेतरी हात टेकेल, असा त्यांनी साधासरळ हिशेब केला.

"साहेब, आमचा एकतीस किलोचा आहे," ते म्हणाले.

पेटीला लोखंडी पाट्या ठोकण्यात आल्या. मागची बाजू गरम लागते म्हटल्यावर आत हीटर बसला. ट्यूबवरची धूळ जळताना एक वास येतो, तो नाकात गेल्याशिवाय वाजवायची इच्छा होत नाही, असे मामा भक्तिभावाने बोलून गेले. त्यावरून तीस वर्षे जुन्या धुळीसाठी निविदा निघाली. पहिली खेप ताजी असल्याच्या कारणावरून परत पाठवण्यात आली.

"मामा, तुम्ही त्याला शिकवताय," भाची म्हणाली.

"शिकू दे की. सगळं येईल, पण बंद पडणं कसं येईल? त्याला वय लागतं, बाळा."

नोंदवहीप्रमाणे ॲम्प वर्षातून तीनदा, बहुधा प्रमुख पाहुण्यांसमोर, बंद पडत असे. इंजिनिअरने तेही घातले. बंद पडल्यावर मामा डाव्या अंगाला दोन थापा मारत आणि म्हणत, "ऊठ बाबा, लोक खोळंबलेत." तेव्हा ॲम्प उठे. मग सतरा दिवस मामांना खुर्चीत बसवून त्यांची थाप, त्यांचा खोकला आणि त्यांचे पुटपुटणे टिपून घेण्यात आले. आता पेटी आपली आपण बंद पडे, आतून दोन थापांचा आवाज येई, मामांच्या गळ्याने "ऊठ बाबा" ऐकू येई आणि ती उठे. समितीने उभे राहून टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या.

अंतिम तुलना पडद्याआड झाली. भाचीने एकच चीज आधी ॲम्पवर, मग पेटीवर वाजवली. सदस्यांच्या माना कागदात होत्या.

"मूळ ॲम्प नमुन्याशी जुळत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नमुना म्हणजे?" भाचीने विचारले.

"पेटी. तिचे आकडे लेखी आहेत. ॲम्पचे रोज बदलतात. गेल्या महिन्यात एक ट्यूबही बदललीत म्हणे."

"अहो, त्याची नक्कल आहे ती."

"असेल. पण नक्कल स्थिर आहे."

मग पेटीतल्या थापेशी ताडायला मामांची पाळी. त्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती, त्यात घाबरलेले. थापा बरोबर पडल्या, पण तोंडून "ऊठ राजा" गेले.

"शब्द चुकला," अध्यक्षांनी नोंद केली.

"साहेब, अहो, मी मामा आहे."

"पेटीचंही तेच म्हणणं आहे. आणि तिचा शब्द चुकला नाही."

"निदान ऐकून तरी सांगा," भाची म्हणाली, "कानाला गोड काय लागलं?"

अध्यक्षांनी कागद मागून पुढून पाहिला. गोडीचा रकाना नव्हता.

नियमाप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस दारावर लागली. एका जरी श्रोत्याने लेखी हरकत घेतली, तरी ॲम्प आणि तापक दोन्ही जागच्या जागी राहणार होते. मामांचा जीव भांड्यात पडला. तीस वर्षे प्रत्येक कार्यक्रमानंतर लोक त्यांचा हात हातात घेत आले होते. "मामा, तुमच्या ॲम्पला तोड नाही हो," म्हणता म्हणता काहींचे डोळे भरून यायचे. एक हरकत म्हणजे काय मोठेसे. ते रोज पेन घेऊन दाराशी उभे राहू लागले.

लोक थांबत, नोटीस शेवटपर्यंत वाचत आणि खरोखर कळवळत. "अरेरे, असं नको व्हायला हो मामा," म्हणत आणि आपल्या गाडीमुळे मागची गाडी अडेल म्हणून निघत. एकाने पेन मागून घेतले, मामांनी झटकन कागद पुढे केला. त्याने हातावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून पेन परत केले.

पंधराव्या दिवशी एकमेव हरकत आली. पेटी आतून मामांच्या आवाजात बोलली, "साहेब, तेवढा ॲम्प घालवू नका हो." त्या सतरा दिवसांत मामा खुर्चीत बसून हेच पुटपुटत होते, ते हुबेहूब उतरले होते. कर्मचाऱ्याला स्वतःच्या पदाबाबत हरकत घेता येत नाही, या नियमाने ती फेटाळली गेली. संध्याकाळी भाची आणि मामा, दोघांनी दोन बाजूंनी धरून ॲम्प भंगाराच्या टेम्पोत चढवला. मामांनी शेवटचा त्याच्यावर तळहात ठेवला. लाकूड गार होते.

अहवालात आता एकच बाब उरली होती. पेटीत इंजिनिअरने श्रोत्यांची हळहळही घातली होती: एक लांब सुस्कारा, मान डावीकडून उजवीकडे, आणि पुढे काही नाही. दाराशी टिपलेल्या खऱ्या हळहळीशी ती ताडून पाहिली, तेव्हा तिळमात्र फरक निघाला नाही. एवढ्या सगळ्या तपासणीत अस्सल आणि नक्कल तंतोतंत जुळल्याचे हे एकमेव उदाहरण. तरीही अध्यक्ष काटेकोर माणूस. खात्रीसाठी आणखी एक नमुना घ्यावा, आणि तो या प्रकरणाशी काही संबंध नसलेल्या, निवांत बसून ही हकीगत वाचणाऱ्या माणसाकडून घ्यावा, असा शेरा त्यांनी मारला.

तो नमुना समितीला आत्ताच मिळाला. जुळतो.