वीस सेंटिमीटर खिडकी

आमच्या नकाशा कार्यालयातल्या तिसऱ्या टेबलामागची खिडकी किती उघडावी, या विषयावर एकूण नऊ बैठका झाल्या. नऊही बैठकांचा मी सदस्य-सचिव होतो. त्यामुळे जे झालं ते सगळं नियमानुसार झालं, एवढी ग्वाही सुरुवातीलाच देतो. बाकीचं वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

आधी खिडकीविषयी. फार पूर्वी वाऱ्याने एक नकाशा उडून रस्त्यावर गेला आणि एका अख्ख्या गावाची हद्द चार दिवस सापडत नव्हती. तेव्हापासून आमच्या सगळ्या खिडक्यांच्या मुठी काढून घेण्यात आल्या. त्या माझ्या टेबलाच्या खणात असतात, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी बांधलेली. मूठ हवी असेल तर अर्ज करायचा. अर्जाचा कोरा नमुना त्याच खणात असतो आणि खणाची किल्ली माझ्या खिशात.

तिसऱ्या टेबलावर रेघताई बसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. सत्तावीस वर्षं त्या नकाशे काढत होत्या. मोजपट्टी न लावता हद्दीची रेघ ओढायच्या आणि नंतर मोजपट्टी लावली तर मोजपट्टीचीच लाज जायची. पाहुणे आले की साहेब त्यांना थेट तिसऱ्या टेबलाशी आणत आणि "हे आमचं काम" असं म्हणत. त्या वेळी रेघताई मान वर करत नसत, कारण एखादी नदी अर्ध्यावर असायची.

तीन वर्षांपूर्वी रेघताईंची पाळी थांबली आणि अंगातून वाफा यायला लागल्या. बसल्या बसल्या कान लाल, मानेवरून घाम, पाच मिनिटांत सगळं ओसरायचं आणि तासाभराने पुन्हा. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. वाफा थांबल्या, पण डोकं दुखायला लागलं, पोट फुगायला लागलं, छाती जड झाली. डॉक्टरबाईंनी गोळ्या बंद करून त्वचेवर चिकटवायचा पॅच दिला. त्याने खाज सुटली. मग दर वेळी नव्या जागी चिकटवा म्हणाल्या, आणि ते मात्र मानवलं. हे सगळं मला इतकं तपशीलवार माहीत आहे, कारण दीर्घ मुदतीचं औषध चालू असलेल्या कर्मचाऱ्याने दुष्परिणाम नमुना क्रमांक सहामध्ये तीन प्रतींत लिहून द्यायचे असतात. 'पोट फुगणे' या रकान्यासमोर साहेबांनी स्वतः 'पाहिले' असा शेरा मारला होता.

पहिल्या बैठकीत समितीने ठरवलं: ज्याअर्थी औषध चालू आहे, त्याअर्थी त्रास आहे, ज्याअर्थी त्रास आहे, त्याअर्थी सवलत आहे. सबब, तिसऱ्या टेबलामागची खिडकी वीस सेंटिमीटर उघडण्यास मंजुरी.

"साहेब, पण आता मला गरज नाही," रेघताई म्हणाल्या. "औषधाने छान वाटतंय. उलट वाऱ्याने कागद हलतो."

"ताई, मंजूर सवलत नाकारण्याची तरतूद नाही," साहेब प्रेमाने म्हणाले.

त्यामुळे पुढची दोन वर्षं खिडकी उघडी राहिली आणि रेघताई स्वेटर घालून नकाशे काढत राहिल्या.

मग या वर्षी डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हळूहळू कमी करून बघू. एकदम बंद करायचं नाही, पायरीपायरीने, दर दोन महिन्यांनी थोड्या कमी मात्रेचा पॅच. मध्ये वाफा परत येतील, बऱ्याच जणींना येतात, बहुतेक करून पुढे ओसरतात. नाहीच सोसलं तर मागच्या पायरीवर जायचं, त्यात हरण्यासारखं काही नाही. हवा मात्र खेळती ठेवा. रेघताईंनी हे सगळं जसंच्या तसं कार्यालयाला कळवलं. प्रामाणिक माणसांचं हे असं असतं, विचारलं नाही तरी खरं सांगून मोकळी होतात.

समिती बसली. पत्र मीच वाचून दाखवलं.

"औषध कमी होणार म्हणतात," साहेब म्हणाले. "उत्तम. मग खिडकीचं काय?"

भांडारप्रमुख म्हणजे आमचे कागद, शाई आणि टाचण्या यांचे मालक. ते म्हणाले, "खिडकी औषधाच्या आधारावर मंजूर आहे. औषध पाऊण झालं की खिडकीही पाऊण."

"अहो, उलट आहे!" रेघताई उठून उभ्या राहिल्या. "औषध होतं तेव्हा खिडकी नव्हती लागत. आता औषध सुटतंय, आता लागणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि त्या क्षणी मला सुचलं. कुठून सुचलं ते तेव्हा आठवलं नाही, पण जिभेवर तयारच होतं. मी म्हणालो, "ताई, औषध कमी झालं म्हणजे तुम्ही बऱ्या झालात. बरं झाल्यावर खिडकी कशाला?"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "हेच! हेच इतिवृत्तात घ्या."

घेतलं. त्याच बैठकीत कपातीचा आराखडा मंजूर झाला. पहिले दोन महिने पंधरा सेंटिमीटर, मग दहा, मग पाच, मग खिडकी बंद आणि मूठ जमा. सुताराला बोलावून तीन मापांचे लाकडी ठोकळे करून घेतले. ठोकळ्यांवर तारखा रेघताईंकडूनच लिहून घेतल्या, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून.

दहाच्या ठोकळ्यापर्यंत त्यांनी निभावलं. मानेला ओला रुमाल, टेबलावर पाण्याची बाटली, आणि वाफ आली की पेन खाली ठेवून शंभर आकडे मोजायचे. पण एका मंगळवारी दुपारी वाफ सांगून आली नाही. हनुवटीवरून घामाचा एक थेंब सुटला तो थेट नदीच्या काठावर पडला. निळी शाई पसरली. रेघताई टिपकागद आणायला उठल्या, तेवढ्यात शिपाई नकाशा शिक्क्यासाठी घेऊन गेला. परत आला तेव्हा त्यावर मसुराएवढा तलाव होता आणि तलावावर कार्यालयाचा गोल शिक्का.

मसूर नकाशावर. जमिनीवर तो अकरा एकर भरला.

"पुसून देते. दहा मिनिटांचं काम आहे," रेघताई म्हणाल्या.

"शिक्का बसलाय," साहेब म्हणाले. "आता नकाशा बरोबर आहे. जमिनीने जुळवून घ्यायचं."

पुढचं सगळं आपोआप झालं. तलावाच्या पात्रात घर बांधल्याबद्दल एका निवृत्त मास्तरांना नोटीस गेली. मत्स्य विभागाने मासे सोडण्याची तारीख कळवली. मास्तर कोरड्या ठणठणीत चपला घालून आमच्याकडे आले.

"अहो, माझ्या घरी पाण्याचा टिपूस नाही!"

"पाणी येत नसेल तर दुसरा मजला," मी म्हणालो.

दुसऱ्या मजल्यावर त्यांची तक्रार नोंदवून घेतली आणि तलावात राहूनही पाणी मिळत नाही, ही बाब गंभीर असल्याचा शेरा दिला. मास्तर परत खाली आले. तेव्हा रेघताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं, "मास्तर, तो तलाव नाही. तो माझा घाम आहे." मास्तरांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग खिडकीतल्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग ती खिडकी का नाही उघडत?" बाहेरच्या माणसाला कामकाजातलं काही कळत नाही.

पण कबुली कबुलीच असते. नववी बैठक त्यावर बसली. विषय एकच: कर्मचाऱ्याच्या अंगातून निर्माण झालेले अनधिकृत जलसाठे. रेघताईंनी डॉक्टरबाईंची नवी चिठ्ठी आणली होती. डॉक्टरबाईंनी वैतागून औषधांच्या यादीत खाली लिहिलं होतं, 'खिडकी, पूर्ण उघडी, दिवसातून आठ तास.'

भांडारप्रमुखांनी चिठ्ठी उजेडात धरली. "खिडकीचे दुष्परिणाम काय? नमुना सहा भरलाय का?"

साहेबांनी दोन पर्याय ठेवले. रेघताईंनी औषध पुन्हा पूर्ण सुरू करावं, म्हणजे खिडकी पूर्ण उघडता येईल. किंवा तिसरं टेबल सोडून आवक टपालाला जावं. तिथे घाम पडला तर पाकिटावर पडेल, आणि पाकिटाला हद्द नसते.

रेघताईंचा चेहरा लाल व्हायला लागला. समितीने ते रागाचं लक्षण म्हणून इतिवृत्तात घेतलं. ती वाफ होती. त्यांनी टेबलाची कड धरली, पाणी प्यायल्या, आणि शंभर आकडे होईपर्यंत आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो.

"औषध कधी आणि किती घ्यायचं ते माझी डॉक्टर आणि मी ठरवू," त्या म्हणाल्या. "मला औषध सोडायचंय. काम नाही सोडायचं. आणखी चार महिने वारा द्या, बस. सत्तावीस वर्षांत मी या कार्यालयाकडे दुसरं काही मागितलंय का?"

मग त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. ज्या हाताने नद्या काढल्या तो हात.

"सचिवभाऊ, मूठ द्या. मी ठोकळा काढते, खिडकी उघडते. जे होईल ते माझ्यावर."

मूठ माझ्या खिशात होती. बैठकीला मूळ वस्तू सादर करायची पद्धत आहे. ती मांडीला टोचत होती, आणि द्यावी असं वाटलंही. खोटं कशाला सांगू, फार वाटलं.

"अर्ज करा, ताई," मी म्हणालो.

सोमवारपासून रेघताई आवक टपालावर गेल्या. ते टेबल दाराशी आहे, तिथे भरपूर वारा येतो, आणि पाकिटांवर तारखेचा शिक्का मारायचा असतो, रेघ कुठे ओढायची नसते. तिसऱ्या टेबलावर एक नवा माणूस आला. त्याला घाम येत नाही. त्याच्या नद्या मात्र घाबरल्यासारख्या वाहतात आणि दोन गावांची हद्द एका बाईच्या स्वयंपाकघरातून गेली आहे. पाहुण्यांना आता साहेब थेट आपल्या खोलीत नेतात.

त्या रविवारी दुपारी मी घरी पेपर वाचत पडलो होतो. ही येऊन समोर बसली आणि पेपरचं एक पान उचलून वारा घ्यायला लागली. मी तिला समितीची सगळी हकिकत सांगितली. माझं ते वाक्यही सांगितलं, कारण साहेबांना ते फार आवडलं होतं.

तिचा हात थांबला. "हे वाक्य तुम्ही घरूनच नेलंत की!"

"म्हणजे?"

"माझा शेवटचा पॅच मागच्या महिन्यात संपला."

"तुझा? तू कधी काय चिकटवत होतीस? मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. याच खोलीत. तुम्ही म्हणालात, वा, म्हणजे बरी झालीस. आणि उठून खिडकी लावून घेतलीत. गार वारा येतो म्हणून."

मी खिडकीकडे पाहिलं. बंद होती. आमच्या घरच्या खिडकीला मूठ आहे, कुणीही उघडू शकतं. तरी ती बंद होती, आणि ही दीड हातावर बसून पेपरने वारा घेत होती.

मी उठून खिडकी उघडली, सताड. थोड्या वेळाने मला थंडी वाजायला लागली, तेव्हा तिने कपाटातून रेघताईंसारखाच एक स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला.

आता आपल्याविषयी. वाचताना आपण आमच्या समितीला हसला असाल, साहेबांना हसला असाल, मला तर नक्कीच. त्याची नोंद घेतली आहे. तरी कृपया उठून आपल्या घरातली खिडकी किती सेंटिमीटर उघडी आहे, ती कुणी लावली आणि लावण्याआधी आत बसलेल्या बाईला विचारलं होतं का, हे सात दिवसांत लेखी कळवावं. उत्तर न आल्यास आपण आमच्या समितीचे सदस्य आहात, असं गृहीत धरण्यात येईल. दहावी बैठक आपल्याच घरी आहे.