दोरीवरचा दहा नंबर

मी गॅलरीत उभा राहतो तो हवा खायला, असं गेली अकरा वर्षं घरात सांगतो आहे. विजयश्रीचं, म्हणजे आमच्या बायकोचं, म्हणणं वेगळं आहे. ("हवा काय लोकांच्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलेली असते का?") पण त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तोंड उघडायचं ठरवलं ते या गॅलरीच्या जोरावरच, आणि तिथून माझं वाटोळं सुरू झालं.

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करते. मी टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी लावायला. बावीस वर्षं प्रेस शॉपला उभं राहून एक गुडघा गेल्यावर मिळालेली खुर्ची आहे ती. जनरल शिफ्ट, डोक्यावर पंखा. आयुष्यात कमावलं काय, तर एवढंच.

पिंपळे गुरवहून बस सुटते आणि मोशीच्या पुढे ती चालली आहे की थांबली आहे हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. त्या दीड तासात आम्ही फुटबॉल बोलतो. कंपनीचा क्लब आहे, आणि चाकणच्या कंपन्यांची दरवर्षी स्पर्धा असते. गेल्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात सात-शून्यने हरलो. (सातवा गोल आमच्याच माणसाने आमच्यावर केला. त्याचा नेम तेवढा चांगला होता.) म्हणून यंदा नवीन कोण आणायचा, यावर बसमध्ये रोज वाद. वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही कधी बॉलला पाय लावलेला नाही. पण आम्हाला उभ्या जन्मात कुणी कशासाठी निवडलं नाही, म्हणून आम्ही दुसऱ्यांना निवडत बसतो.

"माझा मेहुणा घ्या," पेंट शॉपचा समाधान म्हणाला. "अख्ख्या राजगुरुनगरात तसा मिडफिल्डर नाही."

"वय?" क्वालिटीतल्या प्रितमने विचारलं.

"चौतीस."

"राव, मिडफिल्डर आणायचाय, सरपंच नाही. माझ्याकडे दापोडीचा एक आहे. डाव्या पायाने असा मारतो की..."

"तू मागच्या वर्षी आणलेला गोलकीपर चष्मा लावायचा."

"लांबचा होता भावा. जवळचं त्याला स्वच्छ दिसायचं."

"बॉल लांबून येतो, प्रितम."

अडचण एकच होती. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर पर्मनंट हवा, कंत्राटी चालत नाही, असा स्पर्धेचा नियम. आणि नावं द्यायला तीनच दिवस उरलेले. अशा वेळी मी खाकरलो.

"माझ्या नजरेत एक दहा नंबर आहे," मी म्हणालो.

बसमध्ये शांतता पसरली. माझ्या बोलण्याने शांतता पसरायची ही पहिलीच वेळ. (घरी पसरते, पण ती वेगळी.)

दहा नंबर म्हणजे समोरच्या विंगमधल्या सुमनताईंचा प्रज्वल. सव्वीस वर्षांचा, आयटीआय केलेला, तळेगावच्या एका कंपनीत कंत्राटी. सात महिने झाले की ब्रेक, मग नवा कंत्राटदार, नवं कार्ड आणि जुनाच पगार. मुलीकडचे येतात, चहाचा कप उचलतात आणि विचारतात, "पर्मनंट का?" नाही म्हटलं की कप तसाच खाली. सुमनताई ते उरलेले चहा ओतून देताना मी गॅलरीतून तीनदा बघितलंय. मनाला लागतं हो. आणि दर रविवारी दुपारी त्यांच्या दोरीवर दहा नंबरची जर्सी वाळत असते. दहा नंबर टीममधल्या सगळ्यात भारी खेळाडूला देतात, हे काय मला कळत नाही?

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खेळाडू म्हणून प्रज्वलला आमच्याकडे पर्मनंट लावतो, हे सुमनताईंनी ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

"ज्योतीरामभाऊ, एवढं झालं तर जन्मभर नाव घेईन तुमचं."

"काका, पण एक सांगायचं होतं, मी..." प्रज्वल म्हणाला.

"तू गप रे. साहेबासमोरपण असाच गप राहा. मी बोलतो."

आणि मी बोललो. ते बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण गेटवर उभं राहून दुसरं काही आठवायला नसतं.

एचआरचे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी प्रज्वलला विचारलं, "किती वर्षं खेळतोस?"

प्रज्वलने तोंड उघडलं. "लहानपणापासून," मी म्हणालो.

"ट्रायल घेऊ या का?"

"साहेब, परवा नावं द्यायचीत. मी दर रविवारी बघतो याला. माझी हमी."

"पर्मनंटची एकच जागा आहे," साहेब म्हणाले. "मटेरियल गेटला. गाड्यांची नोंद करायची, तिन्ही शिफ्ट."

इथे उठून आभार मानले असते, तर आज मी पंख्याखाली असतो. पण समाधान आणि प्रितम दारात उभे होते आणि मला चेव आला.

"गेटवर कसं चालेल साहेब? दिवसभर उभं राहून खेळाडूचे पाय जातील. त्याला बसून काम पाहिजे. आणि संध्याकाळी प्रॅक्टिस असते, म्हणजे जनरल शिफ्टच पाहिजे."

"बसून काम आणि जनरल शिफ्ट." साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "अशी जागा एकच आहे ज्योतीराम. तुमची."

मी हसलो. साहेब हसले नाहीत.

"तुम्ही गेटला जाल का? क्लबसाठी?"

"जातील की," दारातून समाधान म्हणाला. "काकांचं क्लबवर लई प्रेम आहे."

प्रितमने टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण समोर तो पोरगा बसला होता, आणि मला ते तसेच खाली ठेवलेले चहाचे कप दिसायला लागले. मी मान हलवली. (गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. त्याला माझ्याआधी कळतं.)

त्या रात्री विजयश्रीने पानात भाजी वाढली आणि म्हणाली, "लोक दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसतात. तुम्ही खुर्चीसकट गेलात."

सामना पंधरा दिवसांनी झाला. मी पहिली शिफ्ट संपवून थेट मैदानावर गेलो. आमचा दहा नंबर मधोमध उभा होता. बॉल आला की तो सभ्यपणे बाजूला व्हायचा, एखाद्या बाईला बसमध्ये जागा द्यावी तसा. मध्यंतरापर्यंत पाच-शून्य झाले. मी बाटली घेऊन त्याच्याजवळ गेलो.

"अरे, रविवारी खेळतोस तसं खेळ ना."

"काका, रविवारी मी खेळत नाही." त्याने माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण नीट आहे का तपासलं आणि बाकीच्या खेळाडूंना ओळीने पाणी द्यायला सुरुवात केली. "मी टीमचं पाणी, बर्फ आणि हजेरी बघतो. कपडे आई धुते, अख्ख्या टीमचे."

"मग ती दहा नंबरची जर्सी?"

"तुमच्या गॅलरीतून पुढचीच दोरी दिसते. बाकीच्या दहा जर्सी मागच्या दोरीवर असतात."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सुरुवात केली होती काका."

नऊ-शून्य. आता मी जनरलच्या बसला नसतो, पण प्रितम सांगतो, की पुढच्या वर्षी कोणाला आणायचं हा वाद मिटलाय. माणूस कोणीही सुचवू दे, "ज्योतीकाकांनी बघितलाय का?" एवढंच विचारतात आणि सगळी बस हसते.

प्रज्वल मात्र टाइम ऑफिसला सोन्यासारखा निघाला. साहेब म्हणतात, असा चोख माणूस त्या खुर्चीवर आजवर बसला नव्हता. (आजवर त्या खुर्चीवर मी बसलो होतो.) महिन्याभरात त्याचं लग्न ठरलं. मुलगी चिखलीची, दिव्या नावाची, फार्मसीला आहे. मुलीकडच्यांनी दोन-दोन कप चहा प्यायला. मी गॅलरीतून मोजले.

परवा माझी पहिली शिफ्ट होती. पहाटे जिन्याखाली सुमनताईंनी अडवलं, पेढे हातावर ठेवले, माझ्या पाया पडायला वाकल्या आणि नंतर साखरपुडा अगदी पहिल्यापासून सांगितला. बस चुकली. गुडघा सांभाळत स्कूटर हाणली आणि सात वाजून बारा मिनिटांनी पंच केलं. सवलत दहा मिनिटांची.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसला गेलो. पंखा फिरत होता. प्रज्वलने अदबीने उठून बसायला स्टूल दिलं आणि मस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या नावापुढे अर्धा दिवस कापलेला.

"प्रज्वल, अरे तुझेच पेढे खात होतो मी."

"माहीत आहे काका. आईने फोनवर सांगितलं," तो म्हणाला. "म्हणून तर पूर्ण दिवस कापला नाही."