बारा फोटोंचा रोल

जी गोष्ट सहज जमते तिला कला म्हणत नाहीत, हे आता सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच नेरुळजवळच्या सारसोळे गावातल्या हरेशने, म्हणजे एका हळदीला चार हजार फोटो काढणाऱ्या यशस्वी डिजिटल फोटोग्राफरने, एका रोलमध्ये बाराच फोटो निघणारा जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला.

या कॅमेऱ्याचे फायदे अनेक. तो वजनदार असल्याने व्यायाम होतो. खाली मान घालून पाहावे लागते, त्यामुळे नम्रता येते. डावीकडचे उजवीकडे दिसते (नेरुळच्या काही रिक्षावाल्यांना हे कॅमेऱ्याशिवायही जमते). फोटो कसा आला हे रोल धुऊन येईपर्यंत, साधारण पंधरा दिवस, कळत नाही. तेवढे दिवस माणूस स्वतःला कलावंत समजू शकतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही.

पहिला रोल आईचा, असे त्याने ठरवले. राजाबाईंचे (वय चौऱ्याहत्तर) मागणे जुनेच होते. भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो ते गेल्यावर घाईघाईत कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. त्यांच्या खांद्यावर अजून एक अनोळखी हात आहे. आपला फोटो जिवंतपणी, एकटीचा निघावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

रविवारी सकाळी त्या ठेवणीतले लुगडे नेसून गच्चीवर खुर्चीत बसल्या. हरेशने ऊन मोजले, सावली मोजली, पुन्हा ऊन मोजले. पन्नास मिनिटांत अकरा फोटो झाले. शेजारच्या सखूमावशींनी तेवढ्यात सुकट वाळत पसरून, उलटून, वर चहाही घेतला. बाराव्या फोटोला राजाबाई खरोखरच हसल्या. हरेशला भरून आले.

“कसा आयलाय त्यो दाव मना,” त्या म्हणाल्या.

गिऱ्हाईक ‘दाखव’ म्हणाले की कॅमेऱ्याची पाठ त्याच्यापुढे धरायची, ही हरेशची अकरा वर्षांची सवय. त्याने पाठ धरली. तिथे स्क्रीन नव्हता, म्हणून उघडली. उरलेले काम राजाबाईंनी केले: आतली पट्टी हौसेने बाहेर ओढली आणि नीट दिसावी म्हणून उन्हात धरली. उजेड लागून बाराच्या बारा फोटो गेले.

हरेशने तोंड पाडून सगळे समजावून सांगितले. राजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

“जाव दे,” त्या म्हणाल्या. “तुज्या त्या कम्प्युटरमदी लाखभर हायत. त्यातला येक दे मना.”

हरेश कम्प्युटरपुढे बसला. अकरा वर्षे, साडेतीन लाख फोटो. संध्याकाळपर्यंत आई पाच ठिकाणी सापडली. तीनदा पाठमोरी, एकदा टेबलफॅनच्या आड, आणि एकदा, ‘आई, जरा बाजूला हो’ म्हटल्यावर बाजूला होताना. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वाचकांनी हरेशला हसायला हरकत नाही. त्याआधी फक्त आपल्या मोबाईलमधून आईचा एकटीचा, समोरून काढलेला एक फोटो शोधून काढावा. वेळेची मर्यादा नाही. आधार कार्ड धरले जाणार नाही.