नवस पेशंटचा, शब्द शिस्टरचा

देवासमोर उभं राहून बाळाचं वजन सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या शिस्टर. देऊळ असो, दर्गा असो, की पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतलं चर्च असो, त्या दोन्ही हात पाठीमागं बांधून ताठ उभ्या राहत आणि वॉर्डात मोठ्या डॉक्टरांना सांगावं तशा आवाजात सांगत, "पोरगा. साडेपाच पौंड. आईचं रक्त थोडं कमी हाय, बाकी ठीक. कबूल केल्यापरमानं आनलंय." एवढं बोलून त्या बाजूला सरत. मग ज्यांचं बाळ असेल त्यांनी नारळ फोडावा, चादर चढवावी नाहीतर मेणबत्ती लावावी.

दवाखान्यात किलोचा काटा येऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकदा म्हणालो, "शिस्टर, आता किलोत सांगा की."

त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हे सगळे जुने लोक हायेत. त्यांना पौंड कळतात."

मी तेव्हा पूर्णा जंक्शनवर बुकिंग क्लार्क होतो आणि शिस्टर गावातल्या दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. वय चाळिशीच्या आसपास, उंच, काटकुळ्या, पांढऱ्या साडीला इस्त्री अशी की घडी मोडायची भीती वाटावी. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि एक खुर्ची. खुर्ची एकच, कारण आलेल्या माणसानं फार वेळ बसू नये असं त्यांचं मत होतं.

या बाईंचा देवांशी संबंध कसा आला, ते सांगायला हवं. त्यांच्या घरच्यांनी धम्म घेतलेला. देव त्या मानत नव्हत्या. पण बाळंतपणात अडलेल्या बाईला औषधाइतकाच धीर लागतो हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं. बाई थकली, डोळे फिरवायला लागली, की त्या तिच्या कानाशी वाकून विचारत, "तुझा देव कोन?" ती जो सांगेल त्याला शिस्टर तिच्या वतीनं, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलत. त्या आवाजानं बाई पुन्हा जोर करायची. बाळ यायचं.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसं सुटका झाली की नवस विसरतात. शिस्टर विसरत नसत. सव्वा महिना झाला की त्या दारात हजर. "चला."

"शिस्टर, नवस आमचा. आमी फेडू की सवडीनं."

"नवस तुमचा, पन बोललं कोन? तोंड माझं होतं. चला."

स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्याच्या बायकोसाठी त्यांनी परभणीच्या दर्ग्याला चादर कबूल केली होती. सव्वा महिन्यानं टांगेवाला म्हणाला, घोड्याचा पाय दुखायलाय. शिस्टरांनी घोड्याचे चारही पाय दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "याला काई झालेलं न्हाई. आन तसंबी आपन रेल्वेनं जायलोत." माझ्याच खिडकीवर त्यांनी तिकिटं काढली. टांगेवाला मागून मान खाली घालून, बायको लेकराला घेऊन. दर्ग्यात मुजावरानं शिस्टरांना नाव विचारलं, मग जरा गोंधळून विचारलं, "मन्नत किसकी है बाई?" शिस्टर म्हणाल्या, "मन्नत इसकी, जबान मेरी." त्यावर मुजावरानं फारसा विचार न करता त्यांना पुढं बोलावलं. हे टांगेवाल्यानंच नंतर मला कौतुकानं सांगितलं. घोड्याचं त्यानं सांगितलं नाही, ते शिस्टरांनी सांगितलं.

त्यांचे मोठे भाऊ गंगाखेडला शाळामास्तर होते. दर दोन-तीन महिन्यांनी ते येत, त्या एका खुर्चीवर बसत आणि बहिणीला झाडत. भिंत पातळ असल्यामुळं मला ऐकावंच लागे.

"शपथ घेतली तवा तू माझ्या शेजारी उभी होतीस. आन आता देवळाच्या पायऱ्या कामून झिजवायलीस?"

"उभी होते, दादा. म्हनून तर हात जोडत न्हाई."

"मग जातीस कशाला?"

"बाई मरायला टेकली होती. मी तिला शब्द दिला. ती वाचल्यावर शब्द खोटा म्हनून सांगू?"

मास्तर टोपी काढून मांडीवर ठेवत. मग म्हणत, "चहा तरी कर." पुढच्या खेपेला पुन्हा हेच.

माझ्यावर ही पाळी आली ती आमच्या थोरलीच्या वेळी. विमल, म्हणजे माझी बायको, भर दुपारी अडली. बाळ आडवं. डॉक्टर परभणीला गेलेले. मी व्हरांड्यात खांबाला धरून उभा होतो आणि आतून शिस्टरांचा आवाज आला, विमलच्या माहेरच्या गावदेवीचं नाव घेऊन. "सव्वा महिन्यानं लेकरू तुझ्या पायावर घालू, खननारळानं वटी भरू, मी सोता घेऊन येते." तासाभरानं पोरगी रडली. मी पण रडलो.

मग मला त्या नवसाचा पत्ता आठवला. विमलचं माहेर जिंतूरच्या पलीकडचं एक खेडं. त्या देवळात शिस्टरांच्या लोकांना पायरीच्या वर येऊ देत नव्हते. कायद्यानं देवळं कधीच खुली केली होती, पण कायदा त्या गावच्या पांदीपर्यंतच पोचला होता. हे मला ठाऊक होतं आणि शिस्टरांनाही ठाऊक असणार.

सव्वा महिना झाला तशा त्या आल्या. मी म्हणालो, रजा नाही. पुढच्या आठवड्यात म्हणालो, पोरीला सर्दी आहे. त्यांनी पोरीची छाती तपासली. तिसऱ्या आठवड्यात मी म्हणालो, सासऱ्यांची भुईमुगाची... आणि थांबलो, कारण सासऱ्यांनी जन्मात कापसाशिवाय काही पेरलेलं नव्हतं. शिस्टर म्हणाल्या, "मी कोन हाय ते त्या गावाला ठाव हाय, आन मला ते गाव. तुमी भिऊ नगा. चला."

जिंतूरच्या पुढं सडकेवरच्या फाट्यापर्यंत एसटीनं गेलो, तिथून आत सासऱ्यांनी बैलगाडी पाठवली होती. देवळापाशी दहा-वीस माणसं जमलेली. गुरवानं शिस्टरांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाईंनी त्या लिंबाखाली थांबावं. तुमी चला आत."

शिस्टर म्हणाल्या, "मला आत यायची हौस न्हाई. पन बोलले मी. पोर देवीपुढं ठेवताना मला दिसली पायजे. लिंबाखालून दिसत न्हाई."

"ते जमनार न्हाई."

सासरे जमिनीकडं बघत होते. मीही. रेल्वेचा नोकर, चार इयत्ता जास्त शिकलेला, पण मी चपलेच्या टोकानं माती उकरत राहिलो. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

तेवढ्यात विमल पोरीला घेऊन खालच्या पायरीवर बसली. कधी कुणाला उलटून न बोलणारी बाई. हळू आवाजात म्हणाली, "मग लेकरू बी जात न्हाई. मी मेले असते. ह्यांच्या हातानं जगले. देवीला पायजे तर तिनं भाईर यावं."

 गुरव सासऱ्यांकडं बघायला लागला. सासरे वर्षातून एकदा बोलावं तसे खाकरून बोलले, "जत्रेतबी देवी भाईर येतीच की, पालखीत. आज पायरीपातुर आली तर बिघडलं काय?"

गुरवानं बराच विचार केला. मग आतून देवीचा छोटा मुखवटा ताटात घेऊन आला आणि वरच्या पायरीवर ठेवला. पोरीला त्याच्यापुढं ठेवलं. विमलनं ओटी भरली. शिस्टर दोन पायऱ्या चढून आल्या. गुरव थोडा मागं सरला. शिस्टरांनी हात पाठीमागं बांधले. "पोरगी. सव्वासा पौंड. आडवी होती, फिरवून घेतली. आई बरी हाय. सव्वा महिना सांगितला होता, उशीर झाला. त्यो यांच्यामुळं झाला." हे शेवटचं माझ्याकडं बोट दाखवून. गावातल्या बायका पदराआड हसल्या.

आतला उंबरठा त्या दिवशी कुणी ओलांडू दिला नाही, हे खरंच आहे. शिस्टरांनीही काही मोठा विजय मिळवल्याचा आव आणला नाही. सासऱ्यांनी जेवायला थांबायचा आग्रह केला तर म्हणाल्या, "डूटी हाय." मग सासरेच त्यांची पिशवी हातात घेऊन सडकेपर्यंत चालत आले, आणि एसटी सुटेपर्यंत उन्हात उभे राहिले.

त्यानंतर वर्षभरानं, श्रावणातल्या एका बुधवारी दुपारी मी ड्यूटीवरून घरी येत होतो. रेल्वे कॉलनीतल्या चर्चच्या दारात शिस्टरांच्या चपला दिसल्या. कुणाचं बाळ आणलंय पाहावं म्हणून आत डोकावलो. आत कुणीच नव्हतं. शेवटच्या बाकावर शिस्टर एकट्या बसल्या होत्या. पुढं एक मेणबत्ती जळत होती.

"आज कुणाचं बाळ, शिस्टर?"

"कुनाचं न्हाई."

मी परतणार होतो, तेवढ्यात त्याच बोलल्या. "इंजिनावरच्या फायरमनची बायको होती. ग्रेस नाव. मेनबत्ती लावू म्हनले होते, ती आन मी. ती वाचली न्हाई. आज तिचा दिस."

"मग... तुम्ही अजून..."

"ह्या देवानं आपलं काम केलं न्हाई, म्हनून मी माझं कामून सोडू?" त्यांचा आवाज वॉर्डातला नव्हता. "असे चार नवस हायेत. एक जिंतूरच्या वाटंवरच्या म्हसोबाचा, दोन परभनीच्या दर्ग्याचे, आन ह्यो. त्यांच्या घरचे कुनी येत न्हाईत. कसे येतील? कोनत्या तोंडानं येतील?"

"आणि बाळ?"

"पोरगी वाचली. बाप बदली घेऊन सिकंदराबादकडं गेला. आता नऊ वर्सांची असंल."

बाहेर शंटिंगचं इंजिन फुसफुसत गेलं. मी जायला वळलो तर त्या बाकावर थोड्या सरकल्या. "बसा की. घाई हाय का? एकटीला हितं काय बोलावं सुचत न्हाई."

मी बसलो. मग काहीतरी विचारायचं म्हणून मी त्या पोरीचं नाव विचारलं.

"नाव ठेवायच्या आदीच घेऊन गेला त्यो. अकरा दिस माझ्यापाशीच होती, माझ्या पुढच्या खोलीत. अकरा दिस लेकराला नुसतं पोरगी, पोरगी किती म्हनावं?" त्या थांबल्या. "मग मीच ठेवलं एक."

त्यांनी मला ते नाव सांगितलं. सांगताना मेणबत्तीकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "कुनाला सांगू नगा. उगं आपलं ठेवलंय."

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.